थार म्हणजे जीप नव्हे. पटत नसेल तर आधी वडापच्या, म्हणजे सवारी भरणाऱ्या जीपच्या, फाळक्यावर बसून दाखवा

रहिमतपूरचा_आबा
परवा एका पोरानं इथं फोटो टाकला. ठोसेघरच्या रस्त्यावर महिंद्राची लाल थार, बॉनेटवर पाय ठेवून हा गडी, आणि खाली मजकूर: "जीप काय असते ते साताऱ्याला आम्ही दाखवलं. 1945 पासूनचा अस्सल देशी वारसा. थार नसेल त्यानं घाटाच्या गप्पा मारू नयेत." वर शेकड्यानं अंगठे. दोन दिवस गप्प बसलो. आज पाऊस लागलाय, शेतात वाफसा नाही, म्हणून लिहितो.

बाळा, साताऱ्याला जीप तुझा बाप चड्डीत होता तेव्हापासून माहीत आहे. आमच्या दादांनी 1978 साली लिलावात एक घेतली. उंच नाकाचं जुनं मॉडेल, सीजे थ्री बी. पेट्रोल इतकं प्यायची की आई म्हणायची, म्हैस परवडली, ती दूध तरी देते. शेवटी कोरेगावच्या एका फिटरनं तिच्यात जुनं डिझेल इंजिन बसवलं. माप जुळेना, तर चासीला पट्ट्या वेल्ड केल्या, गिअरचा दांडा चार बोटं वाकवला. पुढं एकवीस वर्षं ती गाडी चालली. शेणखत वाहिलं, नवरदेव वाहिले, एकदा आमचा रेडा दवाखान्यात नेला.

जीपचं मोठेपण ते. गावच्या लोहाराला कळणार नाही असं तिच्यात काही नव्हतंच. पाटा तुटला, लोहाराकडं. हूड फाटलं, ताडपत्री शिवणाऱ्याकडं. बॅटरी बसली, हँडल मार. तुमच्या गाडीतला एक सेन्सर रुसला की पिवळ्या दिव्याकडं बघत, ओढून न्यायला टोचनची वाट बघायची.

आणि घाटाचं म्हणशील तर ठोसेघरला डांबरी रस्ता आहे. तिथं लालपरी जाते.

द्राक्षबाग_तासगाव
आबा, तो फोटो माझा नाही. पण थार माझ्याकडंही आहे, काळी, म्हणून उत्तर देणं आलं.

"हँडल मार" लिहायला सोपं आहे. माझ्या चुलत्याचा अंगठा त्याच हँडलनं मोडलाय. इंजिननं उलटा झटका दिला आणि मनगटापर्यंत हात सुजला. आजही त्यांना बाटलीचं टोपण फिरवता येत नाही. दार नाही, पट्टा नाही, मागं बसलेल्याला धरायला एक दांडी. 2020 च्या थारला धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपनं चार तारे दिले. तुमच्या सीजेला किती होते? आकाशातले?

मी बागेच्या पैशातून गाडी घेतली. मधली दोन वर्षं अवकाळीनं खाल्ली, तरी घेतली. शेतकऱ्याच्या पोरानं हौस केली की लगेच सगळ्यांना जुने दिवस आठवतात. डॉक्टरच्या पोरानं घेतली असती तर कोण बोललं असतं?

इतिहासाचा_किडा
दोन्ही बाजूंनी अर्धवट माहिती. 1945 साली 2 ऑक्टोबरला लुधियान्यात जी कंपनी निघाली ती पोलादाच्या व्यापारासाठी. नाव महिंद्रा अँड मोहम्मद. त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, 1951 ला गव्हर्नर जनरल. इकडं 1948 ला पाटी बदलली, महिंद्रा अँड महिंद्रा. जीप जोडायचं काम स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत माझगावला सुरू झालं, तेही विलीस या अमेरिकी कंपनीच्या परवान्यावर. म्हणजे "अस्सल देशी वारसा" आला ओहायोतल्या टोलेडोहून, सुट्या भागांच्या खोक्यांतून.

आता विलीसचं तरी डोकं होतं का? तेही नाही. 1940 च्या जुलैत अमेरिकी लष्करानं 135 कंपन्यांना विचारलं, 49 दिवसांत नमुना आणा. वेळेत आणला तो बँटमनं. पेन्सिल्वेनियातली बारकी, बुडायला टेकलेली कंपनी. 23 सप्टेंबरला गाडी दारात उभी केली. लष्करानं गाडी पसंत केली, पण म्हणालं, कारखाना लहान आहे तुमचा. आराखडे विलीस आणि फोर्डला दाखवले. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीपा झाल्या, त्यात बँटमच्या तीन हजारही नाहीत. बिचारे ट्रेलर बनवत बसले.

आटपाडीकर
म्हणजे पीक आमचं आणि काटा दुसऱ्याचा. ही पद्धत अमेरिकेतपण आहे हे ऐकून बरं वाटलं. माणदेशाला पाणी मिळालं तेव्हा असंच झालं होतं, पण तो विषय काढला की इथं लोक झोपतात.

द्राक्षबाग_तासगाव
किडा सर, थार ही नक्कल आहे असं म्हणायचं असेल तर इंजिन, चासी, डिझाइन सगळं आता इथलं आहे. नाशिकला बनते. नातू आजोबांसारखा दिसतो म्हणून त्याला नक्कल म्हणता का?

इतिहासाचा_किडा
मी नाही म्हणत, अमेरिकेत म्हणाले. महिंद्राची रॉक्सर, जीपसारखीच दिसणारी गाडी, तिकडं गेली, तर जीपवाल्यांनी 2018 ला तक्रार केली, आणि 2020 ला तिथल्या व्यापार आयोगानं तिच्या रूपड्यावरून बंदी घातली. मग नाक बदलून पुन्हा आणावी लागली. गंमत अशी की ज्यांनी तक्रार केली त्यांच्याकडं तरी हे नाव वंशपरंपरेनं कुठं आलंय? विलीस, मग 1953 ला कैसर, 1970 ला एएमसी, 1987 ला क्रायस्लर, मग जर्मन, मग इटालियन. इतकी घरं बदललेली सून दुसरीला म्हणते, तू आमच्या घरची नव्हेस.

पाटणची_लेक
सून सोडून दुसरी उपमा सुचत नाही का हो सर?

इतिहासाचा_किडा
मागे घेतो. कूळ म्हणा.

रहिमतपूरचा_आबा
गाडी टोलेडोची का माझगावची हा माझा मुद्दाच नव्हता. वापरली कुणी ते सांगा. सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत जीप जगवली वडापवाल्यांनी. कमांडर आणि ट्रॅक्स या गाड्यांनी. सातारा-मेढा, पाटण-मोरगिरी, कोकरूड-शिराळा. जिथं एसटीच्या दिवसाला दोन गाड्या यायच्या तिथं वडाप दर अर्ध्या तासानं. बाजार, दवाखाना, कॉलेज, सगळं वडापनं झालं. हौसेनं चिखलात घालणाऱ्यांनी आधी त्या ड्रायव्हरला नमस्कार करावा, जो सोळा माणसं घेऊन, स्वतः अर्धा बाहेर बसून, गुडघ्यानं गिअर टाकत कुंभार्ली घाट उतरायचा.

पाटणची_लेक
थांबा. वडापचं कौतुक नेहमी पुरुषच का करतात ते सांगते.

मी तीन वर्षं कॉलेजला वडापनं गेले. "ताई, जरा सरका, चौघी बसतात." चौघी नाही, पाच. सहावा कुणीतरी बुवा, तो मुद्दाम मध्ये. पुढं ड्रायव्हरशेजारी बसलं तर गिअरचा दांडा आपल्या दोन पायांत. रोज. हे घरी सांगितलं असतं तर वडाप थांबलं नसतं, कॉलेज थांबलं असतं. म्हणून सांगितलं नाही. तुम्ही ज्याला गुडघ्यानं गिअर टाकणं म्हणताय ना आबा, तो गुडघा कुणाचा होता ते आम्हाला विचारा.

वडापवाल्याचा_पोरगा
ताई, माझे वडील बावीस वर्षं कमांडर चालवत होते. सगळ्यांना एका माळेत ओवू नका. आमच्या गाडीत पुढची जागा बायकांची असेल तर वडील मध्ये लहान पोरगं बसवायचे. रात्री दोन वाजता बाळंतीण घेऊन ते कराडला गेलेत, पैसे न घेता. ती गाडी विकली तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या रडल्या.

आणि सोळा माणसं हौसेनं कोंबत नव्हतो. हप्ता, डिझेल, परमिट, आणि रस्त्यात हात दाखवणारे वेगळेच. आठ माणसांत काय उरतं ते हिशोब करून दाखवा.

पाटणची_लेक
तुमच्या वडिलांबद्दल मी काही बोललेच नाही. पण बाळंतीण नेली म्हणून रोजचं कोंबणं माफ, हा हिशोब मला येत नाही. माझा मावसभाऊ मागच्या फाळक्यावर उभा होता. गाडी खड्ड्यात आपटली, त्याचा हात सुटला. पुढं लिहीत नाही.

वडापवाल्याचा_पोरगा
वाईट झालं. पण खड्डा आम्ही पाडला नव्हता.

पाटणची_लेक
हेच. हेच उत्तर तेव्हाही मिळालं होतं.

आटपाडीकर
वडाप हा शब्द मुळात वढण्यावरून. माणसं वढून भरायची म्हणून.

इतिहासाचा_किडा
याला काय आधार?

आटपाडीकर
आधार म्हणजे मी. चाळीस वर्षं मला वढलंय.

निवृत्त_हवालदार
अपशिंगे या फौजींच्या गावाच्या बाजूचा आहे, त्यामुळं फौजेचं नाव निघालं की बोलावं लागतं. जीप सैन्यासाठी बनली तेव्हा पहिली अट वजनाची होती, 1300 पौंड, म्हणजे 590 किलोच्या आत. कुणालाच जमलं नाही, पण अट का होती ते बघा. रुतली तर जवानांनी हातानंच बाहेर काढावी. आम्ही लष्कराची जोंगा गाडी बघितली, जबलपूरला बनायची, ताकद दांडगी पण अंग जड. मग जिप्सी. पेट्रोल, हलकी, बर्फात मांजरासारखी चालायची. आताची थार पावणेदोन टनाच्या घरात. दिसायला पैलवान, पण पैलवान चिखलात रुतला की काढायला दुसरा पैलवान लागतो.

कासचा_वाटाड्या
चिखलाचा विषय निघालाच आहे तर ऐका. थार, जिमनी, गुरखा, जी असेल ती. पावसाळ्यात रविवारी यवतेश्वरच्या घाटात रांग लागते, आणि त्यातला एकतरी शहाणा कुंपणाच्या फटीतून कासच्या पठारावर चाक घालतो. का? जाहिरातीत चिखल उडताना बघितलेला असतो. पठार म्हणजे खाली जांभा आणि वर बोटभर माती. गेंद, सीतेची आसवं ही फुलं त्या बोटभर मातीत उगवतात. एकदा चाकोरी पडली की पाणी तिथून वाहायला लागतं, माती जाते, दुसऱ्या वर्षी तिथं फूल नाही, नुसता दगड. 2012 ला जागतिक वारसा झालं, तेव्हापासून पाट्या लावून आम्ही थकलो. मागच्या हंगामात एकाला हटकलं तर म्हणतो, "गाडीच यासाठी बनलीय." गाडी युद्धासाठी बनलीय रे. इथं कुठला जर्मन लपलाय?

द्राक्षबाग_तासगाव
हे मान्य. पठारावर गाडी घालणाऱ्याची हवा सोडा, मी पंप लपवून ठेवतो. पण त्यासाठी सगळ्या थारवाल्यांना शिव्या कशाला? 2019 च्या महापुरात सांगलीत काय झालं ते विसरलात. तेव्हा उंच गाड्याच कामाला आल्या. आता कंपनी 650 मिलिमीटर पाण्यातून जाते म्हणून सांगते.

रहिमतपूरचा_आबा
650 म्हणजे गुडघ्याच्या वर चार बोटं. महापुरात सांगलीत पहिले मजले बुडाले होते. तिथं होड्या कामाला आल्या आणि कडेकडेला ट्रॅक्टर. तुझी गाडी तेव्हा आलीच नव्हती, 2020 ची आहे ना ती?

द्राक्षबाग_तासगाव
मी उंच गाड्या म्हणालो, माझी म्हणालो नाही. नीट वाचा.

मिरजेचा_फिटर
एक विचारू का? तासगावकर, तुमची फोर बाय फोर आहे की 2023 ला आलेली दीड लिटरची?

द्राक्षबाग_तासगाव
त्याचा इथं संबंध काय?

मिरजेचा_फिटर
म्हणजे दीड लिटरची. नुसती मागची चाकं ढकलतात. वाईट नाही, ॲव्हरेज बरं, किंमत कमी. पण मग ऑफरोडच्या वादात जरा हळू.

आटपाडीकर
😂 दोन चाकांचीच घ्यायची होती तर बैलगाडी स्वस्त पडली असती.

द्राक्षबाग_तासगाव
हो, टू व्हील आहे. बागेपर्यंत मुरमाचा रस्ता आहे, तिथं कशाला लागतंय फोर बाय फोर? ईएमआय मी भरतो, तुम्ही नाही. आणि फिटर साहेब, आबांनी वर लोहाराचं जे लिहिलंय ते खरं आहे का तेवढं सांगा, तुम्ही धंद्यातले आहात.

मिरजेचा_फिटर
निम्मं. पाटे, हूड, फाळका, बरोबर, कुठंही होतं. पण जुन्या जीपा रोज मागायच्या. आज ऑइल गळतंय, उद्या स्टिअरिंगला ढिलाई, परवा ब्रेक एका बाजूला ओढतोय. मालकाला वाटायचं गाडी सोपी आहे. सोपी नव्हती, फक्त दुरुस्तीवाला जवळ होता. नवीन गाडी वर्षातून दोनदा येते. माझं पोट जुन्यांवर भरलं, म्हणून मला त्या आवडतात, पण बायकोला घेऊन पंढरपूरला जायचं तर मी जुनी नेणार नाही.

पण एक आबांच्या बाजूनं. आमच्याच जिल्ह्यात देवराष्ट्र्याच्या एका कारागिरानं भंगारातून छोटी जीप बनवली, किक मारून सुरू होणारी. आनंद महिंद्रांनी त्यांना त्या बदल्यात बोलेरो दिली, 2022 च्या जानेवारीत. बघा, हाताला आकार आठवला तो जीपचाच. दुसऱ्या कुठल्या गाडीची अशी नक्कल कुणी घरात करत नाही.

रहिमतपूरचा_आबा
हेच तर मी पहिल्यापासून सांगतोय.

पाटणची_लेक
त्या छोट्या जीपमध्ये मागं किती बसतात? नाही, सवय म्हणून विचारलं.

आबांचा_भाचा
मामा, माफ करा, पण आता राहवत नाही. दादांची जीप तीन वर्षं गोठ्याच्या मागं उभी आहे. स्टिअरिंगवर कोंबडी बसते. मागच्या महिन्यात मामी पडल्या तेव्हा तुम्ही मला फोन करून माझी अल्टो मागवली होती.

रहिमतपूरचा_आबा
तू घरी ये, मग बघतो तुला. गाडी बंद नाही, उभी आहे. ट्रान्सफर केसचं सील गेलंय, ते मिळत नाही.

मिरजेचा_फिटर
सील माझ्याकडं आहे. गाडी आणा.

रहिमतपूरचा_आबा
आणू कशी? सील नाही म्हणून तर उभी आहे.

द्राक्षबाग_तासगाव
मी रविवारी रहिमतपूरवरूनच साताऱ्याला चाललोय. येताना टोचन करून मिरजेला सोडतो. मागची दोनच चाकं ढकलतात, तेवढं चालत असेल तर.

रहिमतपूरचा_आबा
दोर माझा. तुझा नायलॉनचा आणू नको, तुटतो. आणि फोटो काढायचा नाही.