जुन्या झेनला एस्टीमचं इंजिन: टाकावं की नको?

गडहिंग्लजकर: वडिलांची १९९७ ची मारुती झेन आहे, कार्ब्युरेटरवाली (म्हणजे इंजेक्शन नसलेली), ९९३ सीसी. दोन लाख दहा हजार किलोमीटर झालेत. हल्ली हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल खाते. जो आंबोली घाट तिसऱ्या गिअरवर चढायची तो आता दुसऱ्यावर रडतखडत चढते. घाट उतरून खाली आलं आणि पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दिला की मागे निळ्या धुराचा लोट. गॅरेजवाले म्हणतात, हे इंजिन सोडा, भंगारातल्या मारुती एस्टीमचं १३०० सीसीचं बसवून देतो. गाडी विकणार नाही. पुढच्या कप्प्यात अजून बाबांची पेट्रोलची वही आहे. माझा कल एस्टीमकडे आहे. काय करू?

लालझेन: टाका. मी आठ वर्षांपूर्वी टाकलंय. दोन्ही इंजिनं सुझुकीच्या जी मालिकेतली, चुलत भावंडंच म्हणा, त्यामुळे फार कापाकापी लागली नाही. फक्त १९९९ नंतरचं सोळा व्हॉल्व्हचं घेऊ नका. ८५ बीएचपी ताकद ऐकून मोह होतो, पण त्याच्यासोबत ईसीएम (इंजेक्शन चालवणारा संगणक), सगळं वायरिंग आणि इंजेक्शनचा पंप आणावा लागतो. जुनं आठ व्हॉल्व्हचं कार्ब्युरेटरवालं घ्या. ५० च्या जागी ६५ बीएचपी, आणि गाडी जेमतेम साडेसातशे किलोची. चौथ्या गिअरवर घाट चढताना जे वाटतं ते लिहून सांगता येत नाही.

आरसीधारक: लालझेन, तुमच्या आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, इंजिन नंबर कुठला आहे? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ स्पष्ट आहे: कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सीसी बदलली की तपशील बदललाच. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नूतनीकरणाला गाडी दाखवावी लागते. उद्या कुणाला धडक बसली आणि विमा कंपनीने इंजिन नंबर तपासला, तर भरपाई कोण देणार? घर विकून तुम्ही? शिवाय भंगारातलं इंजिन कुठल्या गाडीतून निघालं याचा कागद मिळाला नाही, तर चोरीच्या गाडीची चौकशी तुमच्या दारात.

लालझेन: नोंद केलेली नाही, हे खरं आहे आणि तो धोका मी घेतलाय. पण रिबोअर करून (झिजलेले सिलिंडर मोठे कोरून) सहा महिन्यांत परत धूर सोडणारी इंजिनं मी डोळ्यांनी पाहिलीत. पैसे गेले, गाडी तशीच. ब्रेकबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, मीच सांगतो: मी इंजिनाच्या आधी पॅड, होज आणि मास्टर सिलिंडर नवे टाकले.

आरसीधारक: धोका तुम्ही घेतलात, पण समोरून येणाऱ्या माणसाला कुणी विचारलं? वडिलांची गाडी आहे म्हणूनच ती कागदावर स्वच्छ राहिली पाहिजे.

हेडवाला: तुम्ही दोघं भांडताय, पण गाडीला झालंय काय ते कुणी पाहिलं का? गडहिंग्लजकर दादा, तुम्हीच लिहिलंय की धूर घाट उतरल्यावर येतो. उतारावर पाय काढलेला असतो, थ्रॉटल बंद, आत व्हॅक्यूम जोरात. व्हॉल्व्हचे सील (ऑइल अडवणारी रबरं) कडक झाले असतील तर तेव्हाच ऑइल आत ओढलं जातं आणि रेस दिली की जळतं. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर चढावर जोर देताना धूर आला असता. इंजिन गरम करून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, घ्या. जे सिलिंडर कमी दाखवेल त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडा, परत मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर बहुधा व्हॉल्व्ह. हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवलंत तर फेसिंग करून, म्हणजे तळ सपाट करून घ्या, अ‍ॅल्युमिनियमचं आहे, तापलं की वाकतं.

लालझेन: तपासणी करा, पण इंजिन उतरवायचीच वेळ आली तर १३०० च टाका. माझं मत बदललेलं नाही.

गडहिंग्लजकर: आज सकाळी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. १७०, १६५, ११०, १६८. तिसऱ्यात ऑइल सोडून परत घेतलं, ११५. म्हणजे व्हॉल्व्ह. सोमवारी हेड कोल्हापूरला पाठवतोय. सील, गाईड, फेसिंग, सगळं सांगितलंय. बाबांच्या वहीत आज तारीख घालून चारही आकडे लिहिले.