प्रति: जुन्या जपानी ड्रम किटवर टॉम (बेस ड्रमच्या वर बसणारा छोटा ड्रम) बसवताना

बेस ड्रमला नवी भोकं पाडून आधुनिक डबल टॉम होल्डर (दोन टॉम धरणारा आधार) बसवा, असा सल्ला या चर्चेत आधी कुणीतरी दिलाय, तो कृपया मानू नका. १९६०च्या दशकातल्या बहुतेक स्वस्त जपानी किटांचे शेल (ड्रमचं लाकडी नळकांडं) लुआन लाकडाच्या पातळ प्लायचे असतात. जड होल्डरचा भार एका जागी आला की प्लाय दबते, भोक सैल होतं आणि टॉम पुढे झुकतो. मूळ रेल माउंट (बेस ड्रमवरची टॉम धरणारी पट्टी) हलत असेल तर शेलच्या आतून रुंद धातूची पट्टी आणि मोठे वॉशर लावा.

मला स्वतःला सर्वांत आवडणारा उपाय म्हणजे १२ इंची टॉम सरळ स्नेअर स्टँडवर (स्नेअर ड्रम ठेवायच्या तिपाईवर) ठेवणं. शेलला धक्का नाही. फक्त स्टँडचे हात घट्ट आवळू नका, आवाज गुदमरतो. टेन्शन रॉडवर (ड्रमचा पडदा ताणणाऱ्या स्क्रूंवर) टांगणारा सस्पेन्शन माउंटही चालेल, पण घेण्याआधी टॉमचे लग (हे रॉड ज्यात बसतात ते शेलवरचे धातूचे भाग) मोजा. पाच आणि सहा लगचे माउंट वेगळे असतात.