मदत हवी आहे: ग्रॅव्हिटी नकाशात रिफ्टचे फॉल्ट दिसेनात, गुरुवारी सबमिशन

कडोलीचा_पोरगा
नमस्कार मंडळी. एमएस्सी जिऑलॉजी, शेवटचं सेमिस्टर. रिफ्टच्या, म्हणजे जमीन ताणून खचलेल्या पट्ट्याच्या, पोटात काय आहे त्यावर प्रोजेक्ट. बूगे अनॉमलीचा (उंचीचा परिणाम काढून उरलेला गुरुत्वाचा फरक) डेटा उतरवला, घनता 2.67 धरलेला, त्यावर ऑयलर डीकन्व्होल्युशन (खडकांच्या कडांची खोली काढायची गणिती रीत) चालवलं. खोली 20-30 किलोमीटर येते आणि ठिपके सगळीकडं चुरमुरे सांडल्यासारखे. वर फॉल्टच्या (खडक तुटून सरकलेल्या फटींच्या) रेघा टाकल्या तर नकाशावर येईनाच झाल्यात. चार रात्री बघालोय. सर म्हणतात, तूच शोध. काय चुकतंय ते लवकर सांगा की.

रानवाट
कुठला रिफ्ट? डेटा कुठला? दोन ठिपक्यांत अंतर किती? सॉफ्टवेअर कुठलं?

कडोलीचा_पोरगा
कच्छ हो, आणखी कुठला असणार! डेटा फुकटातला, सगळे वापरतात तोच. सॉफ्टवेअर ओएसिस माँटाज, रेघा क्यूजीआयएस ह्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये.

तिरपा_थर
ग्रॅव्हिटीचा नाद सोड. कच्छात बऱ्याच भागात मेसोझोइक (डायनासोरच्या काळातल्या) गाळाच्या खडकांवर बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा दगड, बसलाय. त्याच्याखाली सिस्मिकची (जमिनीत सोडलेल्या धक्क्याची) लाटसुद्धा विस्कटते. एमटी (मॅग्नेटोटेल्युरिक, खडक वीज किती वाहू देतो ते मोजायची पद्धत) कर. बेसॉल्ट वीज अडवतो, खालचा गाळ ती वाहू देतो, फरक स्वच्छ दिसतो. मी आयुष्यभर एमटीच केलंय.

रानवाट
काका, पोराचं सबमिशन गुरुवारी आहे. तो एमटीचं यंत्र घेऊन रणात कधी जाणार?

तिरपा_थर
मग निदान खाली लिहू दे की ग्रॅव्हिटीचं उत्तर एकच नसतं. तोच आकडा उथळ, पसरट गाळानंही येतो आणि खोलवरच्या लहान, हलक्या खडकानंही. हे न लिहिता नुसते रंगीत नकाशे देतात पोरं.

आप्पा_खानापूर
विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या शेतात गेल्या उन्हाळ्यात दोन बोअर फेल गेले. वर जांभा, खाली काळा दगड. पाणाड्यानं हातावर नारळ उभा करून जागा दाखवली होती. ह्या ग्रॅव्हिटीनं पाणी कळतं काय?

रानवाट
आप्पा, पाण्याला ग्रॅव्हिटी नको, रेझिस्टिव्हिटी करून घ्या. जमिनीत चार सळया ठोकतात, बाहेरच्या दोन्हीतून करंट सोडतात, आतल्या दोन्हीत व्होल्टेज मोजतात. बाहेरच्या सळया लांब नेत गेलं की खोलचं कळत जातं. पण वेगळा धागा काढा.

दक्खनकाठ
मुळात 2.67 घनता का धरलीस? बेसॉल्ट 2.9 च्या आसपास असतो, गाळ 2.3-2.5. इथंच बिघडलं असणार.

रानवाट
नाही हो. कच्छात उंचीच किती? काळो डुंगर सगळ्यात उंच, तोही पाचशे मीटरच्या आत. घनता 0.17 नं हलवली तरी माथ्यावर तीनएक मिलिगलचा (गुरुत्व मोजायचं एकक) फरक. त्यानं खोली 30 किलोमीटर होत नाही. पोरा, स्ट्रक्चरल इंडेक्स (खालच्या वस्तूचा आकार सांगणारा आकडा) किती दिलास? विंडो (एका वेळी ग्रिडची किती घरं घेतो) किती? यूटीएम झोन (नकाशाचा सहा-सहा अंशांचा उभा पट्टा) कुठला?

कडोलीचा_पोरगा
इंडेक्स 1. व्हिडिओत डाइकला (खडकात घुसलेली लाव्हाची भिंत) 1 होता. विंडो 20. झोन 43, नेहमीचाच.

रानवाट
सापडलं. तीन चुका आहेत.

झोन 43 आपल्या बेळगावचा, 72 ते 78 अंश रेखांश. फील्डला जाऊन जाऊन बोटाला तोच आकडा बसलाय. कच्छ 42 मध्ये येतं. तू रेघा ज्या नकाशावरून काढल्यास तो 42 चा असणार, आणि सॉफ्टवेअरला सांगितलंस 43. म्हणजे सगळं सहा अंश पूर्वेला सरकलं. झूम आउट कर, कच्छ मेनलँड फॉल्ट उज्जैनच्या आसपास पडलेला दिसेल.

व्हिडिओ मॅग्नेटिकचा, म्हणजे चुंबकीय मोजणीचा असणार. मॅग्नेटिकमध्ये डाइकला 1. ग्रॅव्हिटीत फॉल्टच्या कडेला 0 धरतात. इंडेक्स वाढवला की खोली वाढते.

फुकटातला जागतिक ग्रिड बहुतेक 2 मिनिटांचा, म्हणजे एक घर साडेतीन किलोमीटरचं. विंडो 20 म्हणजे सत्तरेक किलोमीटर. त्यात मेनलँड फॉल्ट आणि कटरोल हिल फॉल्ट दोन्ही एकदम आले, मधलं भूजही आलं. 10 वर आण.

दक्खनकाठ
झोन मलाही सुचला होता. असो. एवढ्या लांब कच्छला कशाला? आपल्याच पायाखाली कलादगीचं जुन्या गाळाचं खोरं आहे. गोकाकचा धबधबा 52 मीटर उडी मारतो तो त्याच क्वार्टझाइटवरून (कडक झालेला वालुकाश्म). पश्चिमेला तेच थर ट्रॅपखाली, म्हणजे दख्खनच्या बेसॉल्टखाली शिरतात. कुठवर जातात हे शोधायला ग्रॅव्हिटी उत्तम. एसटीनं जाऊन संध्याकाळी घरी.

तिरपा_थर
तिथं पण एमटीच लागेल.

कडोलीचा_पोरगा
उज्जैन!! खरंच तिथं होते. 42 केल्यावर रेघा जागेवर आल्या. इंडेक्स 0, विंडो 10 केली, खोली बरीच वर आली, ठिपके पूर्व-पश्चिम रांगेत लागले. पण मेनलँड आणि कटरोल अजून नीट सुटे होईनात. आणि सर विचारणार, 2001 च्या भूकंपाचा फॉल्ट कुठाय?

रानवाट
तो ह्या डेटात शोधू नकोस. ती फट जमिनीवर फुटून आलीच नाही, केंद्र वीसेक किलोमीटर खाली होतं. आणि हे लिहीच: रिफ्ट ताणानं झाला, पण आता तिथं दाब आहे. जुने नॉर्मल (ताणानं घसरलेले) फॉल्ट उलटे सरकतात. 1819 ला भूकंपात रणात अल्लाबंद हा लांब उंचवटा उचलला गेला तोही ह्याच दाबानं. दोन फॉल्ट सुटे करायला रिजनल (दूरवर सावकाश बदलणारा भाग) काढून टाक, मग हॉरिझाँटल ग्रेडियंट (आडवं जाताना आकडा किती झपाट्यानं बदलतो ते) बघ. तरी नाही झाले तर ग्रिडची मर्यादा म्हणून सरळ लिही.

कडोलीचा_पोरगा
रिजनल काढायला पॉलिनोमियल (बहुपदी) कितीव्या ऑर्डरचा घेऊ?

रानवाट
पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्हीचे नकाशे टाक. दोन्हीत जी रांग टिकते तेवढीच फॉल्ट म्हण.

आप्पा_खानापूर
धागा काढला आहे बरं का. सळया किती लांब न्यायच्या ते तिथं सांगा.