मेंदूच्या दुखापतीवर संशोधन करायचंय, वाट सांगा

प्रश्न (राजारामपुरी): दादा कावळा नाक्यावर गाडीवरून पडला. हाडं जुळली, पण चहात साखर घातली का, हे तीनतीनदा विचारतो आणि चिडतो. मी शिवाजी विद्यापीठात मानसशास्त्रात एम.ए. करतेय. पुढं यातच राहायचंय.

उत्तर: भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेलाच क्लिनिकल मानसशास्त्राचा (रुग्णांची तपासणी-उपचार शिकवणारा) अभ्यासक्रम धर, नंतर पीएच.डी. निम्हान्सची (बंगळुरूची मेंदू-मनाच्या आजारांची संस्था) २००४ची, स्मृती-लक्ष वगैरे तपासणारी चाचणीमाला आत्ताच वाचायला घे.

उत्तर: डोक्याला मार लागलेले माझे मालक अशा चाचणीत पास, मंडईत मात्र गोंधळतात. शांत खोलीत एकेक काम जमतं गं. गर्दीत आखणी, निवड मेंदूच्या कपाळामागच्या भागाला एकदमच करावी लागते. त्यावर काम कर.

प्रश्नकर्ती: काकू, तुमच्याकडं बोलायला येऊ?

उत्तर: रविवारी ये. दादालाही आण.