वाडी केली की भट्टी सुटते का? (जव्हार-मोखाडा, जि. पालघर)

डोंगरवाट:
मागच्या आठवड्यात जव्हारला जाऊन आलो. एका पाड्यावर एकरभराची वाडी पाहिली. आंबा-काजूची कलमं, मधल्या पट्ट्यात नागली, कडेने गिरिपुष्प आणि बांबूचं कुंपण. वाडीवाल्या ताई म्हणाल्या, "चार वर्षं झाली, दिवाळीनंतर वीटभट्टीवर मजुरीला गेलो नाही."
ही पद्धत 1982 मध्ये मणिभाई देसाईंच्या बाएफ संस्थेने दक्षिण गुजरातेत वांसद्याला सुरू केली, मग आपल्याकडे आली. उतारावरची माती धरून राहते, गिरिपुष्पाचा पाला खत होतो, जळणासाठी जंगलात जावं लागत नाही. माझं स्पष्ट मत, डोंगरी भागात खावटी (आदिवासी कुटुंबांना धान्य-पैशाची मदत) वाटत बसण्यापेक्षा सरकारने सगळा पैसा वाडीत घालावा. पटत नसेल तर बोला.

जालन्याचा:
बोलतो. 1990 मध्ये रोजगार हमीतून फळबाग आली, शंभर टक्क्यांपर्यंत अनुदान. आमच्याकडे मोसंबीच मोसंबी. 2012-13 च्या दुष्काळात टँकरने पाणी घालून थकलो आणि शेवटी स्वतःच्या हाताने बाग तोडली. झाड म्हणजे संपत्ती हे ऐकायला गोड आहे. सोयाबीन गेलं तर एक हंगाम जातो, बाग गेली तर दहा वर्षं जातात.

डोंगरवाट:
मोसंबीची बाग ही वाडी नव्हेच, साहेब. ते एकच पीक, तेही पाणीपिऊ. वाडीत एक गेलं तर दुसरं हाताशी असतं.

हंडाकळशी:
मी त्या भागात सहा वर्षं काम केलंय. एकच विचारते, पहिले तीन उन्हाळे पाणी कोण घालतं?
पन्नास कलमं, कलमाला दहा लिटर, म्हणजे एका पाळीला पाचशे लिटर. हंडा पंधरा लिटरचा. करा भागाकार, तेहतीस-चौतीस हंडे. आठवड्यातून दोन पाळ्या. घरचं पाणी वेगळं. जुलैत तिथे छत्री उलटी होते आणि फेब्रुवारीत विहिरीचा तळ दिसतो. कलमाशेजारी मडकं पुरून, भोकात चिंधीची वात घालून पाणी वाचवतात, पण मडकं भरायचं कोणी? भट्टी बाईची सुटत असेलही, डोक्यावरचा हंडा दुप्पट होतो. अहवालात मात्र "महिला सक्षमीकरण".

पाड्यावरचा:
ताईंचं बरोबर. आणि जमिनीचं काय? 2006 च्या वनहक्क कायद्याने कसत असलेल्या वनजमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे मिळतो, विकता येत नाही, हे चांगलंच आहे. पण आमचा बाप दोन एकर कसायचा, पट्टा आला वीस गुंठ्यांचा. उरलेल्यावर आंबा लावू? उद्या कोणी येऊन उपटला तर?
वीस गुंठ्यांत आधी भात-नागली बघणार. आंबा काय खायला घालतो चार वर्षं?

डोंगरवाट:
त्यासाठीच मनरेगातून तीन वर्षं जोपासनेची मजुरी मिळते ना. जितकी झाडं जगली त्या हिशोबाने.

पाड्यावरचा:
मिळते. आमची पहिल्या उन्हाळ्याची मजुरी दुसऱ्या पावसाळ्यात मिळाली. तोवर माणूस भट्टीवरून उचल घेऊन बसलेला असतो. एकदा उचल घेतली की वाडी असो नसो, जावंच लागतं. मग मागे कलमं वाळतात, आणि वाळली म्हणून पुढची मजुरी नाही!

जालन्याचा:
हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे ऊसतोडीचं तसंच आहे, मुकादमाची उचल.

हंडाकळशी:
अगदीच विरोधात नाही हो मी. कलमांच्या मधे ज्यांनी मोगरा लावला त्यांचं निभावलेलं पाहिलंय. काजूची वाट बघावी लागते, मोगऱ्याची कळी वर्षा-दीड वर्षात हातात येते. उजाडायच्या आत तोडायची, पुडा बांधायचा, दादरला गाडी. रोख पैसा. पण मोगऱ्यालाही पाणी लागतंच. म्हणून म्हणते, आधी बंधारा, मग खड्डे. आपल्याकडे खड्डे आधी खणतात, कारण वृक्षारोपणाचा फोटो लगेच मिळतो.

डोंगरवाट:
आत्ता परत फोटो पाहिले. त्या ताईंच्या वाडीखाली ओढ्यावर सिमेंटचा बंधारा आहे, एका फोटोत कोपऱ्यात दिसतोय. मी झाडांचेच काढत होतो.

पाड्यावरचा:
मग पहिल्या पोस्टमध्ये तेही घाला की. आणि तिची जमीन किती, नावावर आहे का, तेही विचारून या.