माउंटन डल्सिमर शिकायचंय: कोणतं घ्यावं, सुरुवात कुठून करावी?

नवशिकी
नमस्कार मंडळी. मुक्काम नॉर्थ कॅरोलिना. इकडच्या डोंगराळ भागात माउंटन डल्सिमर बरंच वाजवलं जातं, ते शिकायचा विचार आहे. पेटीवर सोपी गाणी वाजवता येतात आणि सरगम वाचता येते, पण तंतुवाद्याला कधी हात लावलेला नाही. तीन तारांचं घ्यावं की चार? तारा कशा लावाव्यात? कोणी म्हणतं तार छोट्या काठीने दाबा, कोणी म्हणतं बोटांनी. शिक्षक जवळ नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

संतूरप्रेमी
छोट्या काड्यांनी ठोकून वाजवतात तेच ना? मग संतूरवाल्यांना विचारा.

पांढरी_दोन
@संतूरप्रेमी, ते हॅमर्ड डल्सिमर. नावाखेरीज दोघांत फारसं साम्य नाही. माउंटन डल्सिमर मांडीवर आडवं ठेवून छेडतात. जर्मन वसाहतकऱ्यांच्या शाइटहोल्ट या तंतुवाद्यापासून ते अपलाचियन डोंगरांत घडत गेलं असं मानतात. केंटकीच्या गायिका-वादक जीन रिची (१९२२–२०१५) यांनी ते डोंगराबाहेर लोकप्रिय केलं. त्यांचं वादन आधी ऐका, किती कमी हालचालीत काम होतं ते कळेल.

@नवशिकी, आता खरेदी. पर्यटनस्थळाच्या दुकानात भिंतीवर टांगलेलं, रंगवलेलं स्वस्त वाद्य घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच वाद्यांचे पडदे चुकीच्या अंतरावर असतात, आणि ते दुरुस्त होत नाही. घेण्यापूर्वी एक चाचणी करा: सातव्या पडद्यावर तारेला नुसतं बोट टेकवून छेडा आणि लगेच उचला, वरचा सा घुमेल. मग तिथेच तार दाबून छेडा. दोन्ही सूर जुळले पाहिजेत. दाबलेला सूर चढा असेल आणि घोडी (उजव्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती) चिकटवलेली नसेल, तर तार थोडी सैल करून घोडी शेपटीकडे केसभर सरकवा. उतरता असेल तर डोक्याकडे, म्हणजे खुंट्यांकडे. एवढं करूनही इतर पडदे बेसूर वाजले तर ते वाद्य सोडून द्या.

घोडीपासून डोक्याकडच्या पट्टीपर्यंत तारेची लांबी साधारण २५ ते २९ इंच असते. हात लहान असेल आणि पुढे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजवायचे असतील तर २५-२६ बघा. साडेसहावा पडदा (सहाव्या आणि सातव्याच्या मधला जादा पडदा) असलेलंच घ्या. चार तारांचं मिळालं तरी हरकत नाही. त्यात सुरावटीची तार दुहेरी असते, सुरुवातीला त्यातली एक काढून ठेवा. दोन तारा अगदी एकसुरात लावणं नवशिक्याला जड जातं.

खुंटीपीळ
तारांबद्दल लिहितो. सगळा गोंधळ इथेच होतो.

या वाद्याला पेटीसारखे बारा सूर नाहीत. मोकळ्या तारेला सा धरला तर पडदे असे: १ रे, २ ग, ३ म, ४ प, ५ ध, ६ कोमल नी, साडेसहा शुद्ध नी, ७ वरचा सा. म्हणजे मूळ रचना खमाज थाटाची. साडेसहाव्या पडद्यामुळे बिलावल मिळतो. बाकी थाट तार वेगळी लावून मिळवायचे.

सा म्हणजे डी, पेटीची पांढरी दोन. तुमच्यापासून सर्वांत लांबची जाड तार खर्जाच्या डीवर, मधली ए वर (पांढरी सहा, म्हणजे प). या दोन शक्यतो हलवायच्या नाहीत. बदलते ती फक्त तुमच्या अंगाकडची, सुरावटीची तार:

डी-ए-डी: मोकळ्या तारेपासून सा. आजकालचे बहुतेक धडे आणि सराव-पत्रकं याच लावणीत मिळतात.
डी-ए-ए: तिसऱ्या पडद्यावर सा, तिथून थेट बिलावल. मोकळी तार खालचा प.
डी-ए-सी: पहिल्या पडद्यावर सा, आसावरी थाट.
डी-ए-जी: चौथ्या पडद्यावर सा, काफी थाट.

डी-ए-ए मध्ये साडेसहावा पडदा तीव्र म होतो. म्हणजे तिसऱ्यापासून ३, ४, ५, साडेसहा, ७, ८, ९, १० वाजवलं की यमनचे सूर मिळतात! भैरवचा नाद मात्र सोडा, कोमल रे पडद्यावर नाहीच.

तुम्हाला सरगम येते, म्हणून डी-ए-ए ने सुरू करा. सा च्या खाली प, ध, नी हाताशी राहतात, आणि बऱ्याच गाण्यांना ते लागतात. डी-ए-डी मध्ये सा च्या खाली त्या तारेवर काहीच नाही.

एक धोका. ट्यूनर नुसतं 'डी' दाखवतो, सप्तक पाहत नाही. खर्ज १४७ हर्ट्झच्या आसपास, ए २२०, बारीक डी २९४. सप्तक दाखवणारं ॲप वापरा, नाहीतर पीळ देता देता तार तुटते. नेहमी खालून वर लावा. सूर चढला तर आधी उतरवा, मग पुन्हा वर या.

मांडीवरचं
लावणीबद्दल सहमत. बैठक आणि हात सांगते.

पाठ टेकवू नका, पाय जमिनीवर सपाट. डोकं डावीकडे, शेपूट उजवीकडे आणि उजवा गुडघा थोडा बाहेर. वाद्य घसरतंच, म्हणून मांडीवर रबरी जाळीचा तुकडा ठेवा, कपाटाच्या खणात घालतो तसला. छेडायची जागा उजव्या टोकाच्या खोलगट भागावर. पडद्यांवर छेडलं तर पिक (छेडायची चकती) अडकतं.

पिक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, लवचीक. गिटारचं जाड पिक तारा ओढतं आणि हात आखडतो. पहिला आठवडा डाव्या हाताला कामच देऊ नका. मोकळ्या तारांवर अंगाकडून बाहेर, मग आत, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर. मनगट सैल.

काठीच्या बाबतीत मी काठीच्या बाजूने. कठीण लाकडाची किंवा बांबूची, बोटाएवढ्या जाडीची, १०-१२ सेंटिमीटर. अंगठा वर, तर्जनी पडद्यांच्या पट्टीच्या कडेला टेकलेली, म्हणजे काठी मधल्या तारेवर जात नाही. काठी पडद्यावर नाही, पडद्याच्या लगेच डावीकडे. मागे राहिली तर तार खरखरते, पडद्यावर चढली तर सूर मरतो.

पांढरी_दोन
इथे मतभेद. काठीने सुरावट लवकर बसते खरी, पण कॉर्ड येत नाहीत, आणि पुढे बोटं शून्यापासून शिकवावी लागतात. डी-ए-डी मध्ये तीन कॉर्डवर ढीगभर गाणी निघतात. जाड, मधली, बारीक या क्रमाने: डी म्हणजे ०-०-२, जी ०-१-३, ए १-०-१.

खुंटीपीळ
दोघंही बरोबर. पण तारांची उंची बघा. सातव्या पडद्यावर ३ मिलिमीटरच्या आसपास असेल तर काठीला ठीक. बोटांना याहून कमी बरी, दुखणार नाहीत.

कोथरूडकर
अवांतर: भारतात तारा मिळतील का?

खुंटीपीळ
सुट्या गिटारच्या तारा चालतात. २७-२८ इंची वाद्याला साध्या ०.०१२ च्या दोन आणि गुंडाळलेली ०.०२२ ची एक. आधी वाद्याच्या शेपटीला नीट बघा: तार मण्यावर अडकते की खिळ्यावर. खिळे असतील तर फाशाच्या तारा लागतात. गिटारच्या तारेचा टोकाचा मणी पक्कडीने हळूच बाहेर ढकलला की फासा उरतो. आणि पावसाळ्यात वाद्य पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, पुड्या अधूनमधून बदला. दमटपणाने वरची फळी फुगते आणि तारा पट्टीपासून वर जातात.