शरीरातली चरबी नक्की कशाने मोजावी? चार आकडे आलेत, मदत हवी आहे

वय 41, पुरुष, उंची 170 सेंमी, वजन 78 किलो. मधुमेह नाही, पेसमेकर किंवा धातूची पट्टी वगैरे काही बसवलेलं नाही.

घरच्या वजनकाट्यावर (अनवाणी उभं राहायचा, पायांतून सूक्ष्म करंट सोडणारा) सकाळी उपाशीपोटी 24 टक्के येतात, त्याच दिवशी संध्याकाळी 27. दिवसभरात तीन टक्के चरबी वाढायला मी काय तुपाचा डबा संपवला नाही! अंगातल्या पाण्यावर तो आकडा हलतो हे माहीत आहे, म्हणून आता फक्त सकाळीच मोजतो. जिममधलं हातात धरायचं मशीन 29 म्हणतं. तिथल्याच ट्रेनरने कॅलिपरने (कातडीच्या घडीची जाडी मोजायचा चिमटा) 19 काढले, पण पोटाची घडी तीनदा चिमटीत धरली तर तिन्ही वेळा काटा वेगळ्या जागी. टेपने कंबर 92, मान 38. अमेरिकन नौदलाच्या सूत्राने 23.

डेक्सासाठी (क्ष-किरणांनी हाडं, चरबी आणि स्नायू वेगवेगळे मोजणारा स्कॅन) पुण्यात दोन ठिकाणी फोन केला. दोन्हीकडे फक्त कणा आणि खुब्याची हाडांची घनता तपासतात, पूर्ण शरीराची चरबी नाही.

वजन कमी करायचे उपाय नकोत, ते चालू आहेत. सहा महिन्यांत चरबी गेली की स्नायू, एवढंच कळायला हवं. पुण्यात पूर्ण शरीराचा डेक्सा कुणी केलाय का? आणि सुरुवातीला व शेवटी असे दोनच केले, मधे टेपवर भागवलं, तर चालेल का?